वॉल्टसाठी एक बार

मित्रांनो, घाबरू नका, माझी गोळ्यांची सहाही घरं रिकामी आहेत. मी एक जुना रिव्हॉल्व्हर, वय एकशे तीसच्या पुढे. या वयात कुणावर रोखलं जाण्याची हौस उरत नाही; कुणी मऊ फडक्यानं पुसलं तरी पुष्कळ होतं.

माझा जन्म अमेरिकेत, पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. चष्मा लावलेल्या एका कारागिरानं मला अक्रोडाच्या लाकडाची मूठ चढवली, मला कानाशी धरून माझा घोडा ओढला आणि चार टकटक नीट ऐकू आल्यावरच खोक्यात घातलं. तिथून आगगाडीनं मी वायोमिंगला आलो, ओले हाल्वरसन नावाच्या मेंढपाळाकडे.

माझ्या पिढीबद्दल लोक काय काय समजतात! दरोडे, झुंजी, भर चौकातला गोळीबार. खरं सांगू? मी आयुष्यात सगळ्यात जास्त काम केलं ते कुंपणाचे खिळे ठोकण्याचं. ओलेला हातोडी वेळेवर सापडत नसे, मी मात्र कमरेलाच असे. उरलेल्या वेळात मेंढ्यांवर टपलेले कोल्हे पळवले. हिमवादळात वाट चुकलेल्यांना घर कुठे आहे ते कळावं म्हणून तीन-तीन बार काढले. एकदा शाळेतल्या बाई माझ्या आवाजाच्या रोखानं दारापर्यंत पोचल्या. ओलेनं त्यांना कॉफी दिली आणि पुढच्या वर्षी त्यांच्याशी लग्न केलं. त्याचं श्रेय मला कुणी दिलं नाही, पण मी ते मनातल्या मनात घेतलं आहे.

ओले गेला. त्याच्या मुलानं एका चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, मौजेखातर माझे बार उडवले आणि मला तसंच, न धुता, कोठारातल्या खिळ्यांच्या डब्यात टाकलं. बंदुकीच्या काळ्या दारूची काजळी हवेतली ओल ओढून घेते. माझ्या एका घराला आतून गंज चढला. तिथे मी चाळीस वर्षं पडून होतो.

त्या शेताच्या लिलावात तो डबा घेतला वॉल्ट हेंडरशॉटनं. तो सेजवेल गावात शाळेची बस चालवायचा. मित्र म्हणाले, “पॉलिश कर, लखलखीत निघेल.” वॉल्ट म्हणाला, “त्याच्या तोंडावरच्या सुरकुत्या मी का पुसू?” त्यानं मला हलकंसं तेल लावलं आणि मऊ कापडाच्या खणात ठेवलं. हिवाळ्यातल्या दर रविवारी तो मला काढायचा, पुसायचा, चार टकटक ऐकायचा आणि परत ठेवायचा. बार मात्र एकदाही काढला नाही.

गावात जुन्या पद्धतीच्या नेमबाजांचं मंडळ आहे. उन्हाळ्यात ही मंडळी जुन्या काळचे कपडे घालतात, एकमेकांना भलतीच टोपणनावं देतात आणि लोखंडी थाळ्यांवर नेम धरतात. वॉल्ट तिकडे माझी नवी नक्कल घेऊन जायचा. मी जळायचो तिच्यावर.

मंडळाची एक रीत आहे. कुणी सभासद गेला, की त्याची चिमूटभर रक्षा एका काडतुसात भरतात. गोळी नसते, नुसती दारू आणि रक्षा. उन्हाळी नेमबाजीच्या पहिल्या दिवशी घरचं माणूस तो बार काढतं, बाकीचे टोप्या काढून उभे राहतात.

यंदा फेब्रुवारीत वॉल्ट गेला.

त्याची बायको वर्ना हिनं मला स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवलं. समोर तिचा दीर ऑरिन. तो गावच्या संग्रहालयाचं काम बघतो.

“बार काढायला नक्कल वापर ना,” ऑरिन म्हणाला. “आवाज तोच, धूर तोच. याच्यासाठी मी काचेचं कपाट तयार ठेवलंय. एक तडा गेला, की संपलं, वर्ना. दुसरा मिळणार नाही.”

“वॉल्टचा जीव नकलेत होता का?”

“म्हणूनच त्यानं याला कधी उडवला नाही!”

“जुनं झालं की काचेत, असंच ना? मग मलाही ठेव.”

“कपाट तेवढं रुंद नाहीये.”

वर्नानं त्याला फडका फेकून मारला. हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला तोच फडका परत मागून घेतला.

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी काय सांगितलं असतं? मला भीतीही होती आणि ओढही होती.

शेवटी वर्ना मला लूपे आर्चुलेटाकडे घेऊन गेली. लूपे बंदुका दुरुस्त करते. तिनं माझ्या प्रत्येक घरात उजेड टाकून पाहिलं, मापं घेतली.

“पाच घरं शाबूत आहेत. हे गंजकं सहावं, याला कधीच हात लावायचा नाही. आजकालची जोरकस दारू तर मुळीच नाही, चिंध्या होतील. जुनी काळी दारू, तीही निम्मी. काडतूस मी भरून देईन. पण हमी मागू नका, ताई.”

“लग्नातसुद्धा कुणी दिली नव्हती,” वर्ना म्हणाली. “भर.”

मे महिन्यातली सकाळ. पंचवीस-तीस टोप्या छातीशी. ऑरिन हाताची घडी घालून सगळ्यांच्या मागे. वर्नानं मोकळ्या टेकडीकडे नळी धरली, घोडा ओढला, चाप दाबला.

टक.

बस, एवढंच. माझी स्प्रिंग म्हातारी झालेली, ठोसा हलका बसला. मित्रांनो, तेव्हा मला जी लाज वाटली, ती खिळ्यांच्या डब्यातही वाटली नव्हती.

वर्नाचा हात खाली येऊ लागला, तोच मागून ऑरिन ओरडला, “हलवू नकोस! तीस सेकंद! टेकडीकडेच धर!” दारू कधी कधी उशिरा पेटते, म्हणून हा नियम. तो धावत येऊन तिच्या मागे उभा राहिला आणि मोठ्यानं आकडे मोजू लागला. वीस झाले, तेव्हा टोप्यांमधून कुणीतरी हळूच म्हणालं, “बस कधी वेळेवर आणली नाही यानं, आज काय आणणार!”

सगळे खुदखुदले. वर्नाही.

तीस झाले. लूपेनं काडतूस तपासून पुन्हा घोड्यासमोर आणलं. वर्नानं ऑरिनकडे पाहिलं. आता तो ‘पुरे’ म्हणणार, असं मला वाटलं.

“अजून एकदा,” ऑरिन म्हणाला. “अंगठ्यानं पूर्ण मागे ओढ. त्याला जमेल.”

आणि जमलं, मित्रांनो! ढगासारखा पांढरा धूर निघाला, टेकडीवरून आवाज फिरून आला आणि मी जागच्या जागी, सबंध.

दुपारी स्वयंपाकघरात ऑरिननं बाह्या सरसावल्या. गरम पाणी, साबण, ब्रश. घरन् घर धुतलं, पुसलं, तेल दिलं. बार काढायला क्षणही लागला नाही. धुवायला दोन तास लागले. तुमच्या घरी जुनं यंत्र असेल, घड्याळ असेल, शिवणयंत्र असेल, तर एवढंच करा. त्याला काय झेपतं ते जाणकाराला विचारा, तेवढंच काम द्या, आणि काम झाल्यावर धुण्यापुसण्याचा कंटाळा करू नका. माझ्यासारखा कुणी सापडला, तर मात्र हात न लावता आधी मोठ्यांना हाक मारा.

ऑरिननं काळं पाणी मोरीत ओतायला घमेलं उचललं.

“थांब,” वर्ना म्हणाली. “त्यात वॉल्ट आहे थोडा.”

दोघं अंगणात गेली. “साबणाचं पाणी आहे,” आलुबुखाऱ्याच्या झाडापाशी ऑरिन कुरकुरला, “मरेल ते.”

“तीस वर्षं वॉल्टनं उरलेली कॉफी ओतली त्याच्या बुंध्याशी,” वर्ना म्हणाली. “ओत. त्याला सवय आहे.”