विमानाचं टोपडं

या माऊली, असे पुढे सरका. सतरंजीवर जागा पुष्कळ आहे, आणि मागे बसून ऐकलेलं अर्धंच पोचतं. आज तुम्हाला एका विमानाची कथा ऐकवायची आहे. पुराणातलं पुष्पक नव्हे बरं! आपल्या देवळ्याच्या माळावर, कांद्याच्या चाळीत, नवरा-बायकोने चार हातांनी घडवलेलं विमान. ऐकताना डोळ्यांना पाणी आलं तर येऊ द्या. कीर्तनात कोण रडलं ते कुणी मोजत नाही.

भिकनराव आहेर हा ओझरच्या विमान कारखान्यात फिटर. त्याच्या आईची आधीची लेकरं जगली नाहीत, म्हणून तिने पाच घरी पदर पसरून हा मागून घेतला, असं नाव सांगायचं. म्हणून भिकन. मागून घेतलेलं पोर हाताचं मात्र गुणी निघालं. कारखान्यात विमानाचे सांधे जुळवायचं, आणि एकादशीला भजनात मृदंगावर बसायचं. निवृत्त झाल्यावर गावी आला आणि बायकोला, सगुणाबाईला, म्हणाला, "अगं, चाळ रिकामी हाय. आपण विमान बांधू."

"आधी मोरीचं दार बसवा," सगुणाबाई म्हणाली. "अडीच वर्षं पडदा लावून आंघोळ करते मी."

मोरीचं दार शेवटपर्यंत बसलं नाही. विमान मात्र उभं राहिलं.

विमान जुन्या धाटणीचं. अंग लाकडाचं, वर कापड, एकाच माणसाची उघडी बैठक आणि पुढे लाकडी पंखा. चाळीच्या पट्ट्यांमधून ऊन आत यायचं, आणि त्या रेघारेघांच्या उजेडात भिकनराव बरगडीला बरगडी जोडत बसायचा. कापड शिवायचं काम सगुणाबाईचं. प्रत्येक बरगडीपाशी दोरा आरपार घालायचा, गाठ मारायची, पुढे सरकायचं. गोधड्या शिवणाऱ्या बाईला ते काय जड? शिवता शिवता ती रात्री ऐकलेल्या कीर्तनातली पदं म्हणायची. पद चुकलं तर नवरा आतून दुरुस्त करायचा, टाका चुकला तर ती त्याला बोलू द्यायची नाही.

मग कापडावर लेप चढवला. नखांच्या रंगासारखा उग्र वास चाळभर पसरला. लेप वाळला तसं कापड आक्रसून ताठ झालं. भिकनरावाने त्यावर बोट टिचकावलं. टण्ण! "मृदंगाला पुडी चढली बघ," तो म्हणाला, आणि त्या पंखावर त्याने दोन बोटांनी ठेका धरला. सगुणाबाई हसली. तिला वाटलं, या माणसाला आता देवाकडे आणखी काय मागायचं उरलंय?

तिला स्वतःला मात्र मागायचं होतं.

त्यांचा एकुलता एक मुलगा प्रफुल्ल. बापाच्या बोटाला धरून विमानं बघत मोठा झाला, आणि पुढे विमान चालवायला शिकवणाराच झाला. हे घरचं विमानही तोच उडवणार होता. त्याची बायको योगिनी शाळेत शिक्षिका. दोघं नाशकात गंगापूर रोडला राहायची, आणि रविवारी गावी यायची. लग्नाला बरीच वर्षं झाली, डॉक्टर झाले, उपास झाले, पण घरात पाळणा हलला नव्हता. योगिनी बोलायची नाही. पण दुसऱ्याचं मूल कडेवर घेतलं की ते लवकर खाली ठेवायची नाही, हे सासूच्या नजरेतून सुटायचं नाही.

विमानाला जिथे जिथे नळी उघडी असते, तिथे ते उभं असताना लाल कापडाची टोपी घालून ठेवतात. किडामुंगी, माती आत जाऊ नये म्हणून. त्या टोप्या सगुणाबाईने शिवल्या. लहान बाळाच्या टोपड्यांसारख्या, कडेला बांधायचे बंद असलेल्या.

"आई, हे काय, टोपडी शिवलीस?" प्रफुल्ल हसला. "नातवाची हौस विमानावर भागवतेस होय?"

"तू आण नातू, त्यालाही शिवते," ती म्हणाली. बोलून गेली, आणि मग योगिनीकडे बघून तिने जीभ चावली. योगिनीने मात्र एक टोपडं उचललं, बोटांवर चढवलं आणि बराच वेळ ती ते बोटांवर फिरवत राहिली.

तेव्हापासून घरात त्याला टोपडंच म्हणत. ती घालायची आणि धुवायची ते काम सगुणाबाईचं. आणि भिकनरावाचा नेम असा, की विमानाभोवती प्रदक्षिणा घालायची, एकेक टोपडं काढून खिशात टाकायचं, जागेवर टोपडं आहे म्हणजे खालची नळी साफ. कारखान्यातली शिस्तच ती. शिवाय टोपडं घालणारा हात बायकोचा.

एकदा टोपडी तेलकट झाली म्हणून तिने सगळी धुऊन दोरीवर टाकली. दुपारी घालायला गेली, तर पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर जी बोटाएवढी वाकडी नळी असते, तिच्या तोंडाशी कुंभारीण बसलेली. कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची माशी, चिखलाचं घर बांधते ती. तोंडात ओली माती आणत होती आणि नळीच्या आत थापत होती.

सगुणाबाई जागच्या जागी थांबली.

आपल्याकडे कुंभारणीचं घर मोडत नाहीत, माऊली. शेजारची लंकाबाई सटाण्याकडची, ती अहिराणीत म्हणायची, "कुंभारीन घर करस, तठे पायना हालस." कुंभारीण जिथे घर करते, तिथे पाळणा हलतो. आणि ही तर कुठे आली होती? प्रफुल्लच्या विमानावर! तिथे, जिथे योगिनीने आदल्या रविवारी हात टेकवला होता!

आई जगदंबे, तूच आलीस का गं, असं म्हणून सगुणाबाईने हात जोडले. माशीचं काम होईस्तोवर ती उभी राहिली. तोंड लिंपून माशी उडाली, तसं तिने लाल टोपडं अलगद वर चढवलं. बाळाच्या टाळूवर चढवावं तसं.

नवऱ्याला सांगावं, असं तिच्या मनात आलं. पण तो फिटर माणूस, तार घालून लगेच साफ करील. उडवायचं तर अक्षयतृतीयेला ठरलंय. तोवर पिल्लं निघून जातील, मग आपणच सांगू. पेट्रोल तर टाकीच्या खालून जातं, वरची नळी वास जायला असेल. असा तिचा हिशेब.

परवानग्यांचं मोठं रामायण झालं, ते उकरत बसलं तर कथा राहील बाजूला. त्या मिळाल्या. आणि तृतीयेच्या आधीच्या रविवारी सासू-सुना त्र्यंबकेश्वराला गेल्या, योगिनीची कूस उजवावी म्हणून. प्रफुल्ल गावीच राहिला. सकाळी माळावर वारा पडला. पानही हलेना. तो बापाला म्हणाला, "बापू, असा दिवस तृतीयेला मिळेलच असं नाही. आत्ता उडवून बघतो, मग आई आल्यावर तिच्या डोक्यावरून फिरवून दाखवतो. तिची हबेलंडी उडू दे."

भिकनरावाने प्रदक्षिणा घातली. टोपडी काढली, खिशात टाकली. सगळी होती.

त्या वेळी सगुणाबाई दर्शनाच्या रांगेत होती. तिने सुनेला हळूच सांगितलंही, "यंदा तुझं काम होणार बघ. मला खूण मिळालीय." योगिनी लाजली. म्हणाली, "कसली खूण, आई?"

"तू फक्त हात जोड."

फोन आला तेव्हा दोघींच्या हातात प्रसाद होता.

विमान उडालं होतं, बरं का. देखणं उडालं. माळावरची माणसं टाळ्या वाजवत होती. चाळीवरून त्याने एक फेरा घातला, आणि दुसऱ्या फेऱ्यात इंजिन खोकलं आणि बंद पडलं. खाली डाळिंबाचा मळा होता, पलीकडे नाला. प्रफुल्लने मोकळी जागा गाठायची शर्थ केली. थोडक्यात राहिलं. नाल्याच्या काठाने त्याला घेतलं.

चौकशीला साहेब आले. त्यांनी टाकीचं झाकण काढलं, त्या वाकड्या नळीत तार घातली. तळहातावर वाळलेली माती पडली आणि मातीत भुईमुगाच्या दाण्याएवढी एक अळी. साहेब भला माणूस होता, आवाज न चढवता म्हणाला, "इथून टाकीत हवा जाते. हवा नाही गेली, तर पेट्रोल उतरत नाही."

सगुणाबाई दारात उभी होती. दर महिन्याला ती तेलाचा डबा फोडायची, तेव्हा एका कोपऱ्याला भोक पाडायची आणि समोरच्या कोपऱ्याला दुसरं. दुसरं पाडल्याशिवाय तेल उतरत नाही, हे तिला आईने परकरात असताना शिकवलं होतं. तिला ते ठाऊक होतं हो! डब्याचं ठाऊक होतं, टाकीचं सुचलं नाही.

"मी आत बघितलं नाय," भिकनराव म्हणाला. "टोपडं काढलं आन पुढं गेलो. माझ्या हातानं मारलं पोराला."

गावाने ते वाक्य उचललं. "बापानं नळी बघितली नाय," पारावर हेच. योगिनीने एकदाच विचारलं, "बापू, एकदा आत डोकावला असता तर?" त्याने हात जोडले. त्यानंतर ती सासऱ्याशी बोलली नाही. रविवारी यायची, सासूपाशी बसायची, आणि त्याचं ताट वाढायची वेळ आली की उठून मागच्या दारी जायची.

भिकनरावाने मृदंग सोडला, अन्न अर्ध्यावर आणलं. चाळीत मोडक्या पंखांपाशी बसून राहायचा. सगुणाबाईच्या घशात ते शब्द रोज यायचे आणि रोज खाली जायचे. शेवटी एका दुपारी ती त्याच्यासमोर मातीतच बसली.

"अहो, त्या नळीतलं घर मला ठाऊक होतं. मीच राखलं. मीच वर टोपडं घातलं."

आणि तिने सगळं सांगितलं. लंकाबाईचं बोलणं, जोडलेले हात, तृतीयेपर्यंतचा हिशेब. तो ऐकत राहिला. मधेच त्याने डोळे मिटले. ती वाट बघत होती, की हा आता उठून मारील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"आणखी कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाय. योगिनी उद्या येईल, तिला सांगते. तुमच्या माथ्यावरचं उतरू दे."

"सांगायचं नाय."

"का?"

"घर राखलंस ते कुणापायी?"

"तिच्याच पायी. तिची कूस..."

"मंग? तिला सांगशील तर ती काय ऐकंल?" त्याचा आवाज फाटला. "आपल्या कुशीपायी आपला नवरा गेला, हेच ऐकंल ना? तरणी पोर हाय. जन्मभर हे उरावर घेऊन कशी जगंल ती? मी म्हातारा हाय. गावानं माझं नाव ठेवलंय, ठेवू दे. आन आत बघायचं काम माझंच होतं की. खोटं कुठं हाय?"

"आन तिनं तुमच्याशी बोलायचं सोडलंय, ते?"

"माझ्यावर राग हाय, तोवर स्वतःवर येणार नाय."

असा तो माणूस. पाच घरी मागून आणलेला, आणि दुसऱ्याचं ओझं स्वतःच्या घरी मागून घेतलं त्याने. त्या दिवसापासून नवरा-बायको दोघं मिळून गप्प राहिली. दोन दिवाळ्या गेल्या. दर रविवारी सून मागच्या दारी जायची, तो खाली मान घालून जेवायचा, आणि सगुणाबाई वाढता वाढता मनातल्या मनात नामस्मरण करायची. दुसरं काय करणार? तिसऱ्या उन्हाळ्यात भिकनराव झोपेतच गेला. सुनेचा एक शब्द कानी न पडता गेला.

दहाव्याला नाशकात रामकुंडावर पिंड ठेवले. कावळे भोवती बसले, एकही शिवेना. लोकांनी शब्द दिले, सगुणाबाईला सांभाळू, चाळ विकणार नाही. कावळे जागचे हलेनात. तेव्हा योगिनी पुढे झाली. डोक्यावरचा पदर सारखा करून, हात जोडून म्हणाली, "बापू, मी तुम्हाला माफ केलं."

माऊली, आजवर सगळं गिळलं होतं सगुणाबाईने. हे एवढं गिळता येईना. जो अपराध त्याने केला नाही, त्याची माफी त्याच्या पिंडावर ठेवायची?

"नको गं पोरी," ती ओरडली. "माफी त्याला नको!" आणि तिथेच, ओल्या पायरीवर बसून, तिने कुंभारणीचं सगळं सांगितलं. कावळा शिवला की नाही, ते त्या घटकेला कुणी बघितलं नाही.

 सासऱ्याला भीती होती तसं योगिनीने छाती पिटली नाही की कुशीला बोल लावला नाही. ती एवढंच म्हणाली, "मग मी त्यांच्याशी बोलले का नाही, आई? मला बोलू का दिलं नाही तुम्ही? माझ्या वाट्याचं मला द्यायचं होतं. ते उचललं असतं मी. आता हे न बोललेलं कुणासमोर बोलू?"

  भिकनरावाने मायेनेच केलं, सगुणाबाईनेही मायेनेच केलं, आणि मायेला कधी कधी आत डोकावून बघायचं सुचत नाही.

उठताना योगिनी सासूला म्हणाली, "हे सगळ्यांना सांगायचं. माझं नाव घेऊन सांगायचं. मी उभी आहे. बापूंचं नाव तेवढं धुऊन निघू दे."

म्हणून तर आज तुम्हाला जवळ बोलावलं. आता तुम्ही आपापल्या गावी जाल. कधी देवळ्यावरून जाताना कुणी बोट दाखवून म्हणेल, "ती बघा चाळ. बापानं नळी बघितली नाय, पोरगं गेलं." तेव्हा घटकाभर थांबा, माऊली, त्याला सगळी कथा सांगा. आणि संध्याकाळी देवापुढे हात जोडाल, तेव्हा घरच्यांच्या नावांमागोमाग आमच्या भिकनरावाचंही नाव घ्या. एवढी आठवण ठेवा.