वर यायला लागणारा वेळ

त्या मंगळवारी मंजुश्रीने एकेचाळीस प्रश्नांना उत्तरं दिली. समुद्र खारट का, भरती दिवसातून दोनदा का, खोल पाण्यातल्या माशांना दिसतं का. समुद्र संशोधन संस्थेच्या वेबसाइटवर लोकांनी प्रश्न टाकायचे आणि मराठीतल्या प्रश्नांना तिने उत्तरं द्यायची, एवढीच तिची नोकरी. बहुतेकांना कुतूहल असायचं ते संस्थेच्या पाण्याखालच्या प्रयोगशाळेचं. तिथे शास्त्रज्ञ आठ-आठ दिवस मुक्कामाला असत. मंजुश्री कधी खाली गेली नव्हती. तिला पोहताही येत नव्हतं.

तिच्या गावी, चाकूरला मात्र सगळे धरून चालले होते की ती खालीच राहते. नोकरी लागली तेव्हा गावाकडच्या एका पेपरने तसं छापलं होतं आणि तिच्या वडिलांनी, अप्पांनी, ते कात्रण भांड्यांच्या दुकानात काचेखाली लावलं होतं. गल्लीतली केवळाबाई दुकानात आली की छेडायची, "संगप्पा, अंडंबी न शिवणारं तुमचं घर, अन् लेक माशांच्या शेजारी!"

"हाव, पर शेजारी लई शांत हायत म्हणं," अप्पा म्हणायचे.

सुटीत आलेल्या मंजुश्रीने हे ऐकलं होतं. अप्पांचा खुललेला चेहरा पाहून तिने खरं सांगायचं टाळलं. पुढे तर अप्पांचे दिवसातून तीन-तीन फोन टाळायला तिनेच सांगितलं, "कामावर असले की फोन लागत नाही. मीच करत जाईन."

मंगळवारचा शेवटचा प्रश्न असा होता: "प्रयोगशाळेतल्या माणसाच्या घरी कुणी आजारी पडलं तर त्याला लगेच वर येता येतं का? एक नागरिक, जि. लातूर."

आपल्या जिल्ह्याचं नाव पाहून तिला बरं वाटलं. संध्याकाळी अप्पांना सांगू, असं ठरवून तिने मन लावून लिहिलं: "नाही. खालच्या दाबामुळे शरीरात वायू मुरलेला असतो. तो सावकाश बाहेर पडावा म्हणून वर यायला अठरा तास लागतात. घाई केली तर रक्तात बुडबुडे होऊन जीव जाऊ शकतो."

संध्याकाळी फोन करायचा राहून गेला.

गुरुवारी सकाळी यादीतला पहिला मजकूर प्रश्न नव्हता. "मंजुताईला वर पाठवा. संगप्पा काल दुपारी वारले. वीरभद्र, चाकूर."

नांदेडला रेल्वेतून उतरून, लोह्यावरून बसने ती चाकूरला पोचली तेव्हा शुक्रवारची दुपार झाली होती. अप्पांना आदल्या दिवशीच माती दिली होती. दुकानाशेजारचा शिंपी वीरभद्र ओसरीवर बसला होता.

"उन्हाळ्याचे दिवस, ताई. तुम्हाला वर यायलाच अठरा तास, मग पुढं गाडी. मठाचे स्वामी म्हणले, थांबता येत न्हाई."

"आधी काही झालं होतं?"

"सोमवारपासून छातीत दुखून राहिलं होतं. लातूरला चला म्हणलं, ऐकलं न्हाई. तुम्हाला फोन लावतो म्हणलं, तर म्हणले, पाण्याखाली लागत न्हाई, वेबसाइटवर विचार. नाव टाकू नको, पोरगी घाबरंल. मीच टाइप केलं. उत्तर आलं ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणले, न्हाई बोलवायचं. घाई करंल, जीव घालवून बसंल."

तो उपरण्याने डोळे पुसू लागला. "लई समजेल असं लिहिलं होतं, ताई. कुणी लिहिलं हो?"

"आमच्याकडे एक बाई आहे," मंजुश्री म्हणाली.

मळ्याच्या कडेला मातीचा ताजा उंचवटा होता. बेलाची पानं उन्हाने वळली होती. खाली अप्पा लिंगायतांच्या रीतीप्रमाणे मांडी घालून, तळहातावर इष्टलिंग घेऊन बसलेले असणार, गल्ल्यावर बसायचे तसेच ताठ. ती त्यांच्या समोर बसली. बराच वेळ तिला नुसती मातीच दिसत राहिली.

"अप्पा," ती मोठ्याने म्हणाली, "फोन लागत होता. मी कधी खाली गेलेच नाही. मी वरच होते."