माझा विसार झाला आहे

मित्रांनो, मी एक जुनी छपाईची मशीन आहे. पायाने चालवायची, ओतीव लोखंडाची. माझ्या जातीला ट्रेडल म्हणतात. माझ्याकडे पाहून कोणी "अरेरे" म्हणणार असेल, तर त्याने आत्ताच पुढे जावे. मला कीव चालत नाही.

दूरच्या एका कारखान्यात मला घडवले आणि तुकड्या-तुकड्यांनी पाच खोक्यांत भरून या गावात पाठवले. मास्तरांनी मला जोडले. ते आधी शाळेत शिकवत असत. खोटी हजेरी मांडायला सांगितली म्हणून त्यांनी नोकरीवर पाणी सोडले आणि छापखाना काढला. मला चालवायला मास्तर आणि खिळे जुळवायला त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू. खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरे. ती उलटी असतात, आणि काकू ती उलटी अक्षरे सुलट्यापेक्षा भरभर वाचायच्या. आमच्याकडे लग्नाची बोलावणी, दुकानांची बिले, शाळेचे निकाल, हरवलेल्या म्हशीची जाहिरात असे काय वाटेल ते छापले जाई. "अक्षर बघावं तर यांच्याकडचं," असे लोक म्हणत. ते ऐकून माझे चाक जरा जोरातच फिरे, हे कबूल करते.

विसारपावत्यांची पुस्तकेही आम्ही पुष्कळ छापली. विसार हा शब्द आता तुमच्या कानावर येत नसेल. तरुण गिऱ्हाइके तेव्हाही विचारायची, "अॅडव्हान्सच ना?" मास्तरांतला शिक्षक लगेच जागा व्हायचा. ते म्हणायचे, "अॅडव्हान्स म्हणजे किमतीतला तुकडा. आज थोडा, उद्या थोडा. विसार म्हणजे सौदा पक्का झाल्याची खूण. रक्कम लहान असेना का, ती हातात पडली की वस्तू अर्धी दुसऱ्याची झाली. मग विकत घेणारा फिरला तर त्याचा विसार बुडाला, आणि विकणारा फिरला तर त्यानं दुप्पट परत करायचा." गिऱ्हाईक मान डोलवी आणि बाहेर पडताच पुन्हा अॅडव्हान्सच म्हणे.

पुढे संगणक आले. मास्तर गेले. माझ्यावर ताडपत्री पडली. अकरा वर्षे मी मागच्या खोलीत उभी होते. माझ्या दांड्यावर ओले टॉवेल वाळत पडायचे. कागद ठेवायच्या फळीवर मांजरीने दोनदा पिल्ले घातली. मांजरीचा मला राग नाही. तिला निदान माझा उपयोग तरी समजला.

मग एके दिवशी सकाळी मिरचीमावशी आल्या. मंडईत त्या मिरच्या विकतात, आणि नाव मालावरून पडले की जिभेवरून, याबद्दल गावात दोन मते आहेत. त्यांनी खुर्ची नाकारली आणि उभ्यानेच सांगितले, "काकू, मंडई पाडून तिथं समारंभाचा हॉल बांधणारेत. ठेकेदारानं सगळं ठरवून टाकलंय. हरकत घ्यायला एकच सुनावणी आहे, पुढच्या महिन्यात, आणि गावाला त्याचा पत्ताच नाही. पत्रक छापायला तीन दुकानं फिरले. एकाची मशीन बिघडली, एकाचा कागद संपला, एकाचं पोट दुखतंय."

"ठेकेदाराची कामं जातील ना त्यांच्याकडून," काकू म्हणाल्या.

"म्हणून तर म्हणते, ही तुमची मशीन आम्हाला विका. ऐंशी बाया आहोत, वर्गणी काढू. पुन्हा कोणाच्या दारात उभं राहायला नको."

आठ हजारांवर सौदा ठरला. मावशींनी ओच्यातून पुरचुंडी काढली आणि दोनशे मोजून दिले. "हा विसार. बाकीचे सुनावणीआधी." इतक्या वर्षांनी तो शब्द त्या खोलीत कोणीतरी नीट उच्चारला. काकूंनी हाताने पावती लिहून दिली.

दुसऱ्याच दिवशी ठेकेदार हजर. पांढरा शर्ट, पेढ्यांसारखा गोड आवाज. म्हणजे पेढे नव्हतेच, आवाजच होता. माझ्याभोवती एक चक्कर मारून तो म्हणाला, "काकू, काय सुंदर वस्तू आहे. आमच्या नव्या हॉलच्या दारात ठेवतो. सोनेरी रंग देऊ, दोरी लावू, कोणी हात लावणार नाही. ऐंशी हजार देतो."

सोनेरी रंग! माझ्या जन्मात कोणी माझा इतका अपमान केला नव्हता. मला बोलता येत असते, तर तिथेच चार शब्द सुनावले असते.

"विसार झालाय," काकू म्हणाल्या.

तेवढ्यात त्यांचा मुलगा आतून आला. तो वाईट नाही, हे आधीच सांगते. आईचा गुडघा गेला होता, डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली होती, आणि स्वयंपाकघराचे छप्पर तीन ठिकाणी गळत होते. रात्रंदिवस तीच विवंचना त्याच्या डोक्यात होती. तो म्हणाला, "आई, दोनशेच तर आहेत. विसार म्हणे. नावातच आहे, विसरून जा."

"विसार विसरायचा नसतो."

"बरं, मग बाबांचाच नियम घे. दुप्पट परत करायचा. चारशे दे त्यांना आणि मोकळी हो. यात खोटं काय आहे?"

ठेकेदार हसला. "मुलगा हुशार आहे तुमचा. चारशे मी देतो."

काकू खिळ्यांच्या पेटीशी बसल्या होत्या आणि चुकीच्या घरात पडलेली अक्षरे उचलून आपापल्या घरात टाकत होत्या. मला खरोखर भीती वाटली. ऐंशी हजार म्हणजे गुडघा आणि छप्पर, दोन्ही. त्यांनी हो म्हटले असते तर मी त्यांना दोष दिला नसता. पण त्या सोनेरी रंगाखाली मी एकाही कागदाला अंग लावू दिले नसते, हेही तितकेच खरे.

शेवटी त्या म्हणाल्या, "ज्याचं घर जळलं, ज्याचा हात मोडला, ज्याला सौदा पुरा करताच येत नाही, त्याच्यासाठी दुप्पटीची सोय आहे. ज्याला दहापट मिळतायत त्याच्यासाठी नाही."

"असं कुठं लिहिलंय?" ठेकेदाराने विचारले.

"लिहिलेलं नाही. म्हणून तर माणसानं सांभाळायचं. या आता."

ठेकेदार गेला. मुलगा दोन दिवस आईशी बोलला नाही. ताट सरकवायचा, उठून जायचा. तिसऱ्या दिवशी तो घासलेट, तेलाची बुधली आणि चिंध्या घेऊन माझ्यापाशी आला. "द्यायचीच आहे तर चालती देऊ," असे कोणाकडेही न बघता म्हणाला. अकरा वर्षांचा गंज त्याने दातओठ खात काढला. सांध्यात तेल उतरले तेव्हा मी केवढ्याने कुरकुरले! ती कुरकुर आनंदाची होती, हे काकूंनी ओळखले.

आठ दिवसांनी मावशींनी बाकीचे पैसे आणले. बहुतेक सुट्टी नाणी होती, मोजता मोजता चहा थंड झाला. त्यांनी मला हातगाडीवर चढवून मंडईच्या कोपऱ्यातल्या रिकाम्या गाळ्यात नेले. काकू काठी टेकत मागोमाग आल्या आणि त्यांनी पत्रक जुळवले. मजकूर मावशींचाच होता: मंडई उठली तर ताजी भाजी कुठे घ्याल? मंगळवारी अकरा वाजता नगरपालिकेत या. ज चे खिळे कमी पडले, तेव्हा काकूंनी मोठ्या ठशाचा एक ज मधे घुसवला. गुडघ्यामुळे त्यांना पाय मारता येईना, म्हणून मावशी उभ्या राहिल्या. पहिली वीस पत्रके डागाळली. एकविसावे असे स्वच्छ निघाले, की आख्खी मंडई ते बघायला गोळा झाली.

दुपारी ठेकेदार आला. "हा आवाज फार होतो. तक्रार येईल."

मावशींनी पाय थांबवला नाही. "लेखी द्या," त्या म्हणाल्या. "छापून देतो."

मी त्या दिवशी इतकी धडधडले, की गाळ्याचा पत्रा थरथरत होता. दोन हजार पत्रके निघाली. पुढचे चार दिवस मेथीच्या जुडीत, कांद्याच्या पिशवीत, वांग्यांवर, जिथे तिथे माझे पत्रक घरोघर गेले.

मंगळवारी नगरपालिकेचे सभागृह भरले, जिना भरला, माणसे रस्त्यावर उभी राहिली. साहेबांनी सुनावणी पुढे ढकलली, तरी लोक पुन्हा आले. तिसऱ्या खेपेला मंडई राहील असा निर्णय झाला. सगळे मिळाले नाही. मागची फळांची रांग गेली, बारा जणींना पलीकडच्या गल्लीत बसावे लागते. त्यांचे पत्रक आम्ही सध्या छापत आहोत.

काकूंच्या स्वयंपाकघरावर नवे पत्रे पडले. गुडघ्याची शस्त्रक्रिया मात्र झालेली नाही. मुलगा त्यासाठी पैसे साठवतो आहे, आणि अधूनमधून आईला टोमणाही मारतो. काकू तो ऐकून घेतात आणि काठी टेकत मंडईत येतात. तिथे त्या दोघीजणींना उलटी अक्षरे वाचायला शिकवतात.

मित्रांनो, कोणाला शब्द दिलात, तर त्यापायी किती हातात पडले हे मोजू नका. आणि माझ्यासारखी एखादी जुनी मशीन तुमच्या घरात असेल, तर तिला रंग फासून दारात उभी करू नका, ताडपत्रीखालीही घालू नका. थोडे तेल द्या, थोडी शाई द्या आणि निमूट पाय मारा. पुढचे मी बघून घेते.