बिनआवाजाचा टेम्पो

मी एक तीनचाकी टेम्पो. बारा वर्षं मी नुसता ओरडलो. बोलायला लागून मला जेमतेम महिना झालाय, त्यामुळे शब्द मागेपुढे झाले तर सांभाळून घ्या.

जन्म कारखान्यातला. त्या दिवसाचं एवढंच आठवतं, की कोणीतरी माझ्या पोटात डिझेलचं इंजिन बसवलं, किल्ली फिरवली आणि मी जो थरथरायला लागलो तो थरथरतच राहिलो. इंजिन एका सिलिंडरचं, पण घसा दहा जणांचा. माझ्या शेजारी उभं राहून हळू बोलणारा माणूस मी पाहिलाच नाही. मला वाटायचं, माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलतात.

मला घेतलं वसईजवळच्या गिरीज गावातल्या दिवाकरकाकांनी. त्यांची केळीची वाडी, थोडे नारळ, मध्ये विहीर. रस्त्यापासून घरापर्यंत एक चिंचोळी वाट आणि तिच्या दोन्ही बाजूंना केळी. पहाटे पाठीवर केळीचे लोंगर, म्हणजे अख्खे घड, घेऊन बाजारात जायचं आणि संध्याकाळी रिकामं परत यायचं. मला चालवायचा त्यांचा थोरला मुलगा भावेश. धाकटा अनुज मागे लोंगरांना टेकून बसायचा. त्याने आठवीत शाळा सोडलेली. त्याचा हात इतका चपळ, की विचार पोचायच्या आधी हात पोचलेला असायचा.

या दोघांची आई सुशीला. मीही तिला आईच म्हणतो. सातच्या सुमारास मी रस्त्यावरून वाटेला वळलो की माझा आवाज तिच्यापर्यंत जायचा आणि ती तवा ठेवायची. भावेश पाय धुऊन येईपर्यंत पहिली भाकरी ताटात. तवा ठेवता ठेवता ती खिडकीतून काहीतरी म्हणायची. ओठ हललेले मला दिसायचे. शब्द मात्र माझ्या धडधडीत विरून जायचे. ना मला ऐकू आले, ना भावेशला.

बाजार आटोपला की भावेश माणिकपूरला डिलनच्या शेडमध्ये कामाला जायचा. डिलन जुन्या रिक्षांचं इंजिन काढून त्यात विजेची मोटर बसवायचा, घरांवर सौर पॅनल लावून द्यायचा. भावेश तिथे असा रमला, की त्याला ऊन दिसलं की हसू यायचं. लोक ऊन पडलं की छत्री उघडतात. हा मान वर करून बघत राहायचा, जसं काही कोणी त्याच्यासाठीच वाढून ठेवलंय.

त्याने आधी स्वतःच्या घरावर पॅनल लावले. मग एका दुपारी शेजारपाजाऱ्यांना वाडीत बोलावलं. सगळ्यांसमोर मीटरजवळचा मेन बंद केला आणि विहिरीवरच्या पंपाचं बटण दाबलं. पंप चालू झाला. पाइपातून मनगटाएवढी धार पडली.

दिवाकरकाकांनी धारेखाली हात धरला. त्यांच्या लहानपणी याच विहिरीवर बैलाचा रहाट होता. मग डिझेलचा पंप आला, मग विजेचा. हात धारेखाली तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "हे पाणी उन्हाने वर काढलं?"

"हो बाबा."

"त्या वरच्या उन्हाने?"

"दुसरं कुठलं आहे आपल्याकडे?"

सगळे हसले. काका हसले नाहीत. देवळात गेल्यासारखे ते तसेच उभे राहिले. मीही मनात म्हटलं, हे काय अजब! मला दोन पावलं टाकायला डिझेल लागतं, आणि हे पाणी वीस हात वर येतंय, धूर नाही, ओरडा नाही.

शेजारच्या वाडीतली सालोमीबाय म्हणाली, "भावेश, माझं नाव लिही. पण तू तर उन्हाचे गोडवे गातोस आणि तुझा टेम्पो बघ, माझ्या सुकत टाकलेल्या कपड्यांवर काळं थुंकून जातो."

"दसऱ्यापर्यंत थांब सालोमीबाय. यालाच मोटर बसवतो. मग ज्या उन्हात तुझे कपडे सुकतील त्याच उन्हावर हा पळेल."

ज्यांना पॅनल किंवा गाडीला मोटर हवी, त्यांची नावं त्याने जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहिली. अकरा घरं. काही जण मागे कुजबुजले, बॅटरीवरची गाडी म्हणजे खेळणं, लोंगरांचा भार काय ओढणार? पण नावं दिली. मला बघून ठरवू, असं सगळ्यांचंच होतं.

जुलैत पाणी भरलं. गावात अडीच दिवस वीज नव्हती. आमच्या ओसरीवर मात्र दिवा होता आणि चाळीसेक मोबाइल रांगेने चार्ज होत होते. भावेश गुडघाभर पाण्यातून घरोघर जायचा, म्हाताऱ्यांचे मोबाइल आणायचा, परत द्यायचा. टाचेला काहीतरी कापलं. "चिंधी बांधलीय, काही होत नाही," म्हणाला. आठवड्याने ताप आला. तोही त्याने अंगावर काढला.

दवाखान्यात त्याला मीच नेलं. माझ्या पाठीवर गोधडी, तिच्यावर भावेश, त्याचं डोकं सालोमीबायच्या मांडीवर. चालवत होता अनुज. वाटेत भावेशने मान उचलली आणि अनुजकडे बघून काहीतरी म्हटलं. अनुज ओरडला, "काय दादा?" भावेशने पुन्हा म्हटलं. सालोमीबायने कान खाली नेला, तिलाही कळलं नाही. मी तेव्हा जीव खाऊन पळत होतो आणि जीव खाऊन ओरडत होतो.

तो परत आला नाही.

मी पुष्कळ भार वाहिला, पण त्या दिवशीचे ते चार शब्द मी कुठे सांडले ते मला सापडत नाही.

त्यानंतर घर दोन तुकडे झालं. दिवाकरकाका बोलायचेच बंद झाले. विचारलं तर मान हलवायचे. आणि आईने अनुजला सांगितलं, "रोज सात वाजता टेम्पो चालू कर. कुठे जायला नको. नुसता चालू कर."

अनुज चालू करायचा. मी दारात उभा राहून धडधडायचो. ती तव्यापाशी डोळे मिटून बसायची. धूर खिडकीतून आत जायचा, काका खोकायचे, ती बसलेलीच. मग अनुज किल्ली फिरवून असा उतरायचा, की दार माझ्या अंगावर आपटायचा. तिला त्या आवाजात तिचा मुलगा येताना ऐकू यायचा. त्याला त्याच आवाजात भावाचे शेवटचे शब्द बुडालेले दिसायचे.

एके दिवशी तो म्हणालाच, "आई, मी याचं इंजिन काढणार. दादाचं काम आहे ते. मोटर आणून ठेवलीय त्याने डिलनकडे."

"हात लावून बघ."

"अकरा लोकांनी नावं दिलीत. सगळे म्हणायला लागलेत, आता कोण करणार. डिलनला फोन करून नको म्हणून सांगतायत."

"जाऊ देत नावं. माझ्याकडे त्याचं काय उरलंय सांग? कपडे दिलेस वाटून. मोबाइलला कुलूप. हा एक आवाज आहे."

"या आवाजाने दादा काय म्हणाला ते मला ऐकू दिलं नाही!"

आईने पाठ फिरवली. मग आत गेली. त्या रात्री दोघांनीही पान वाढून घेतलं नाही.

दसरा आला. गावातल्या प्रत्येक गाडीला झेंडूची माळ होती. आमच्या घरात यंदा सण नव्हता, त्यामुळे मी उघडाच. संध्याकाळी सात वाजता अनुजने किल्ली फिरवली. मी खोकलो. पुन्हा फिरवली. काळा धूर टाकला आणि गप्प झालो. पावसाळ्याच्या तोंडावर भावेश म्हणालाच होता, इंजिन फार तर चार महिने काढेल. त्याचा हिशेब चुकला नव्हता.

आई दारात आली. किती तरी वेळ माझ्या तोंडावर हात फिरवत राहिली.

"घेऊन जा," ती अनुजला म्हणाली. "पण परत कधी आणणार ते मला सांगू नकोस. कोणाकडून निरोप नको, हॉर्न नको. मला कळलं तर कळेल. नाही कळलं तर समजेन, गेला."

मला ओढत माणिकपूरला नेलं. माझ्या पोटातून इंजिन निघालं तेव्हा वाटलं होतं, मेलो. उलट इतकं हलकं वाटलं, की माझं मलाच नवल वाटलं. भावेशच्या वहीत चित्रं काढलेली होती. अनुजला त्यातलं लिहिलेलं धड लागत नव्हतं, पण चित्र बघून हात बरोबर जात होता. डिलन शेजारी उभा राहून एकेक जोड तपासायचा. दिवाकरकाकाही रोज यायचे आणि प्लास्टिकच्या खुर्चीत गप्प बसायचे.

शेवटच्या दिवशी डिलन म्हणाला, "चाकं उचललेलीच ठेव. मी चहा सांगून आलो की मग फिरवून बघू. ऐकलंस?"

"ऐकलं."

डिलन वळतो न वळतो तोच याने मला जॅकवरून खाली घेतलं, सीटवर बसला आणि मूठ पिळली. आणि मी पुढे जायच्या ऐवजी सरळ मागे गेलो! पाण्याचा पिंप आडवा, डिलनची सायकल आडवी. अनुज आत ओरडतोय, "पुढे चल की रे, पुढे!"

डिलन धावत आला. "अरे शहाण्या! चहा यायला दोन मिनिटं लागतात, तेवढाही दम नाही? तुझा भाऊ वर डोक्याला हात लावून बसला असेल!"

अनुजचं तोंड उतरलं. तो खाली उतरून फरशीवरच बसला. "मला नाही जमत. दादाला जमलं असतं. लोक म्हणतात ते खरं आहे."

तेव्हा मागून आवाज आला. तीन महिन्यांत कोणी न ऐकलेला.

"विहिरीवरचा पंप उलटा फिरला तर आपण काय करतो?"

दिवाकरकाका खुर्चीतून उठले होते. अनुजने बाहीने डोळे पुसले. "दोन... दोन वायरी अदलाबदल करतो, बाबा."

"मग रडतोस कशाला? पंपच आहे हा. तो पाणी ओढतो, हा केळी ओढणार."

डिलनने झाकण उघडून बघितलं. तीनपैकी दोन वायरी खरोखरच उलट लागल्या होत्या. "काका," तो म्हणाला, "उद्यापासून शेडवर या. याला आवरायला कोणीतरी पाहिजे."

वायरी बदलल्या. चाकं उचलून, सगळं नीट तपासून मला पुन्हा सोडलं. मी पुढे गेलो.

कसं सांगू? मी चालत होतो आणि मला जग ऐकू येत होतं. चर्चच्या घंटेनंतर उरणारा गुंजारव ऐकू आला. रिक्षास्टँडवर दोघे जण बायकोच्या माहेराबद्दल बोलत होते, तेही ऐकू आलं. माझ्याच टायरखाली खडा कसा वाजतो, हे मला बाराव्या वर्षी कळलं. मला कोणी ढकलत नव्हतं, आत काही जळत नव्हतं. शेडच्या छपरावर पडलेलं काल दुपारचं ऊन मला ओढून नेत होतं!

आरटीओत तपासणी झाली. कागदावर डिझेलच्या जागी माझी नवी ओळख लागली. दुसऱ्या दिवशी पहाटे अनुजने ओळखीच्या वाडीतून लोंगर भरले, नेहमीपेक्षा दोन जास्तच. दिवसभर बाजार केला. शेवटचे चार लोंगर मुद्दाम राखून ठेवले, कुजबुजणाऱ्यांना भार दाखवायला. संध्याकाळी आम्ही गिरीजला आलो. सालोमीबाय कुंपणापाशी उभी होती. लोंगर दिसताच तिने तोंड उघडलं. अनुजने ओठांवर बोट ठेवलं. तिने उघडलेलं तोंड पदराने झाकलं.

मी वाटेला वळलो. सात वाजले होते. खिडकीत दिवा होता. आईची सावली हलत होती, पण पाठमोरी. मी पुढे सरकत होतो आणि माझा आवाज नव्हता. अर्धी वाट संपली. ती वळली नाही. मला जन्मात पहिल्यांदा ओरडता येत नव्हतं आणि पहिल्यांदाच ओरडावंसं वाटत होतं.

मग केळीची पानं माझ्या टपाला लागली. सर्र, सर्र, सर्र. रोज लागत असतील, बारा वर्षं. मी कधी ऐकलीच नव्हती.

खिडकीतली सावली थांबली. आणि आतून, अगदी नेहमीच्या आवाजात, शब्द आले:

"हळू रे! पानं फाटतायत माझी."

मागोमाग तवा ठेवल्याचा खण्णकन आवाज.

अनुजने मला थांबवलं. मग उतरून खिडकीपाशी गेला. "आई, तू हे रोज म्हणायचीस?"

"रोज. त्या मेल्याला एकदाही ऐकू गेलं नाही. सगळी वाट फाटक्या पानांची केली त्याने." ती हसत होती आणि पदर तोंडाला लावत होती. "तुला कसं ऐकू आलं?"

"आता ऐकू येतं आई."

तो माझ्या पायरीवर बसला. हळूच म्हणाला, माझ्याशीच बहुतेक, "दवाखान्यात नेताना मी किती जोरात सोडला होता तुला. दादाही हेच म्हणत असेल. हळू चालव म्हणून."

असेल. आईचाच मुलगा तो.

माझं जुनं इंजिन आता विहिरीजवळ, रहाटाच्या लाकडी चाकाशेजारी ठेवलंय. आईने भंगारात द्यायला नाही म्हटलं. दोघं थकलेले म्हातारे एकमेकांना टेकून आहेत. सालोमीबायने कॅलेंडरवर स्वतःच्या हाताने पुन्हा नाव लिहिलं. तिच्यामागून सात जण आले. बाकीचे कुंपणापाशी उभे राहून मला बघतात. बघू देत.

दुपारी मी पॅनलची वायर लावून वाडीत उभा असतो. वरून ऊन येतं, छपरातून उतरतं, माझ्यात भरतं. रोज होतं, तरी मला त्याची सवय होत नाही.

तुमच्या दारात माझ्यासारखा एखादा ओरडणारा म्हातारा असेल तर त्याला टाकून देऊ नका. त्याच्या पोटातला धूर तेवढा काढा. छपरावर रोज कोणी काय ठेवून जातंय ते एकदा मान वर करून बघा. आणि मग घरी येताना कान उघडे ठेवा. आतून कोणीतरी बारा वर्षं काहीतरी सांगत असेल.

चला, मला निघायला हवं. सात वाजत आले. पानं सांभाळून जायचंय.