कमान इकडे, टोपी तिकडे

शालनने परातीतल्या कणकेवर ताट पालथे घातले, पिठाचे हात तसेच पदराला पुसले आणि चपला शोधायला लागली. एक दारात होती, दुसरी जॅकखाली निघाली. तेवढ्यात गॅरेजमधून कोंडिबाची तिसरी हाक आली.

"अगं, टोपी!"

"निघाले, निघाले. इमान न्हाय माज्याकडं उडत जायला."

महाप्याला एमआयडीसीच्या रस्त्यालगत कोंडिबाचे पत्र्याचे गॅरेज होते आणि त्याच्याच पाठीला चिकटून त्या दोघांची खोली. रस्त्याने तीनशे पावले गेले की नाला लागे. नाल्यापलीकडे तसेच एक पत्र्याचे गॅरेज. ते पंढरीचे. पंढरी म्हणजे शालनचा थोरला आणि एकुलता एक भाऊ. ही तीनशे पावले शालन गेली सात वर्षे तुडवत होती, उन्हातान्हात, चिखलात, हातातले काम टाकून, आणि तीही मुठीत मावेल एवढ्या एका लोखंडी टोपीसाठी.

इंजिनाचे हेड उघडले की वॉल्व्ह काढायच्या आधी त्यांच्या स्प्रिंगा दाबाव्या लागतात. त्या काही बोटांनी दबत नाहीत. त्याला वॉल्व्ह लिफ्टर लागतो. हेडला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारी एक कमान, तिच्या एका टोकाला पिळायचा स्क्रू आणि दुसऱ्या टोकाला स्प्रिंगवर चपखल बसणारी, बाजूला खिडक्या असलेली टोपी. स्क्रू पिळत गेले की स्प्रिंग दबते. मग खिडकीतून शेंगदाण्याएवढी दोन लॉक काढून घ्यायची, की वॉल्व्ह मोकळा. बसवताना हेच सगळे उलटे करायचे. टोपीशिवाय कमान म्हणजे नुसते ओझे, आणि कमानीशिवाय टोपी म्हणजे फार तर उदबत्ती खोचायची सोय.

आणि कमान होती कोंडिबाकडे, टोपी होती पंढरीकडे.

दोघे साताऱ्याकडून बरोबरच आले, बरोबरच गॅरेज टाकले. लिफ्टरही दोघांनी मिळून केला. ट्रकचा जुना पाटा तापवून कोंडिबाने कमान वाकवली आणि पंढरीने ओळखीच्या लेथवर टोपी कातून आणली. पाच वर्षे दाजी-मेहुण्यांचे दृष्ट लागावी असे चालले. मग दोघांनी बांधलेल्या एका ट्रकच्या इंजिनातले लॉक खंबाटकीच्या घाटात निसटले, वॉल्व्ह आत पडला आणि पिस्टनचा चुरा झाला. माणसाला काही झाले नाही, हे नशीब. पण लॉक बसवले कुणी? कोंडिबा म्हणाला पंढरीने, पंढरी म्हणाला कोंडिबाने. आठ दिवसांत गॅरेज फुटले. गावाकडून जुने पंच रावसाहेब यांना वाटणीसाठी बोलावले. त्यांनी पाने, जॅक, शेगडे सगळे निम्मे निम्मे केले आणि शेवटी लिफ्टरपाशी येऊन अडले. "ज्यानं जे केलं ते त्याचं," असा न्याय करून रावसाहेब दुपारच्या एस्टीने गावी परतले. न्याय अगदी चोख होता. फक्त त्या दिवसापासून दोघांपैकी एकालाही दुसऱ्यावाचून एक स्प्रिंग दाबता येईना.

दुसरी टोपी कातून घेणे काही अवघड नव्हते. पण दुसरी करायची म्हणजे पहिल्या टोपीवाचून आपले अडले हे गावभर कबूल करायचे! कोंडिबाने एकदा पाइपाचा तुकडा लावून बघितला होता. स्प्रिंग जी उडाली ती भुवईवर टाके देऊन गेली. तेव्हापासून हेलपाटे शालनच्या नशिबी आले.

पंढरी एका टेम्पोच्या हेडवर वाकला होता. बहिणीला बघून त्याने हात पुसले.

"बरी आलीस. कमान कुटं हाय?"

"कमान? दादा, मी टोपी न्यायला आलेय."

"आज न्हाय जमायचं. जासईचा टेम्पो हाय, मला बी वॉल्व्ह बसवायचेत. दाजींना म्हनावं, कमान द्या. तासाभरात माघारी देतो."

"तुजा तास मला ठाऊक हाय. गेल्या खेपंला दीड दिवसाचा हुता."

पंढरी हसला नाही. शालन आल्या वाटेने परत निघाली. कोंडिबाच्या दारात श्यामसुंदर उभा होता. तो बाजारातल्या गाळ्यांवर भाजी पोचवणारा, आणि त्याची मॅटॅडोर कालपासून इथे हेड काढून पडली होती. दर दहा मिनिटांनी तो घड्याळ बघत होता, जणू घड्याळानेच इंजिन जोडायचे होते.

"काय म्हनाला?" कोंडिबाने विचारले. सात वर्षांत त्याने मेहुण्याचे नाव घेतले नव्हते.

"त्याचं बी हेड उघडं हाय. कमान मागतोय."

"आधी टोपी म्हनावं. माजं गिऱ्हाईक दारात उभं हाय."

"त्याचं बी गिऱ्हाईक हाय."

"मग त्याचं बसलं असंल. माजं उभं हाय. जा."

शालन पुन्हा गेली. पंढरीने टोपी उचलून खिशात टाकली आणि वर हात ठेवला, जणू आता बहीण ती हिसकावूनच घेणार होती. उज्ज्वलावहिनीने आतून चहा आणला तो शालनने उभ्यानेच घेतला. वहिनीने डोळ्यांनीच विचारले, काय गं हे? शालनने कपाळावर हात मारला. परत आली तेव्हा कोंडिबाने कमान चक्क ट्रंकेत ठेवून वर बैठक मारली होती. पन्नाशीचा माणूस! सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही अजून शाबूत होता.

"टोपी दिऊ म्हनतोय का कमान घिऊ म्हनतोय?" ट्रंकेवरून प्रश्न आला.

मग मात्र शालनचे डोके सरकले.

"मी काय त्या हेडातली स्प्रिंग हाय व्हय, दोनी बाजूंनी दाबायला? सकाळधरनं कणीक भिजून पडलीय. तिकडं त्यो खिसा दाबून बसलाय, हितं तुमी ट्रंक दाबून. आता काय बी झालं तरी मी त्या नाल्यापल्याड जायची न्हाय. तुमी जा, न्हायतर ह्या भाऊंना धाडा."

आपले नाव आल्याबरोबर श्यामसुंदर दोन पावले मागे सरकला. पण माणूस व्यवहारी होता.

"मिस्त्री, एक सांगू का? मुंबईला नागदेवीच्या हत्यारबाजारात अख्खा लिफ्टर भेटतो. नवा कोरा. मग कशाला पायजे ही झिगझिग? वहिनींचे पाय तरी वाचतील."

कोंडिबाने भुवईवरचा जुना व्रण खाजवला. मग ट्रंकेवरून उठला.

"उद्या जाऊन आनतो. तुमी चारला या. संध्याकाळी गाडी घिऊन जावा."

दुसऱ्या दिवशी तो सकाळी सातलाच मुंबईला गेला आणि बारा वाजायच्या आत परतला. पुठ्ठ्याच्या खोक्यात, तेलकट कागदात गुंडाळलेला लिफ्टर होता. निळा रंग, चकचकीत स्क्रू, टोपीसकट. शालनने रिवाजाप्रमाणे त्याला हळदकुंकू लावले आणि देवांपुढे ठेवला. जेवताना कोंडिबा फार दिवसांनी भाकरी मागून मागून जेवला.

"सुटलीस बग तू," तो म्हणाला. "आता कुनाच्या दारात जायाचं काम न्हाय."

तो गॅरेजातल्या बाजेवर जाऊन आडवा झाला आणि लगेच घोरायला लागला. शालन खरकटी भांडी पुढ्यात घेऊन तशीच बसली.

कुणाच्या दारात जायचे काम नाही. वाटणीच्या दिवशी कोंडिबाने तिला बजावले होते, "त्या उंबऱ्याला पाय लावायचा न्हाय. कामाचं असंल तर गोष्ट येगळी." एवढीच एक फट त्याने ठेवली होती, आणि सात वर्षे शालन त्या फटीतून माहेरी जात होती. आई गेल्याची चिठ्ठी गावाहून पंढरीकडे आली तेव्हा ती टोपी आणायला म्हणूनच गेली होती, आणि तिथेच रडून, तोंड धुऊन, टोपी घेऊन परत आली होती. दर भाऊबीजेला पंढरीच्या गॅरेजात कसले ना कसले हेड उघडे असे आणि त्याला कमान लागे. कमान पदराखाली आणि निरांजन पिशवीत घालून शालन जाई. सणासुदीला कुणाची गाडी आली दुरुस्तीला, असे कोंडिबाने एकदाही विचारले नव्हते. तोंडाने ती त्या टोपीला रोज शिव्या घाली. पण टोपी नसती तर तिला भाऊ उरला नसता, हे तिला आज, खरकट्या ताटापुढे बसून, पहिल्यांदा लख्ख कळले आणि तिचा जीव घाबरा झाला. त्या मेल्या श्यामसुंदरला कुणी विचारले होते नागदेवीचे?

ती उठली. देवांपुढचा लिफ्टर तिने मांडीवर घेतला. टोपी एका बारक्या स्क्रूने कमानीच्या टोकाला धरलेली होती. पेचकस गॅरेजात, कोंडिबाच्या उशाशी. तिने उलथन्याचे टोक स्क्रूच्या खाचेत घातले आणि जोर लावला. दोनदा उलथने निसटले. तिसऱ्यांदा स्क्रू फिरला. टोपी आणि स्क्रू मुठीत घेऊन, लिफ्टर पुन्हा कागदात गुंडाळून, खोके बंद करून ती मागच्या दाराने बाहेर पडली.

पंढरीचे हेड कालच्यासारखेच उघडे होते. शालनने टोपी त्याच्या पुढ्यातल्या बाकावर ठेवली.

"हे काय?"

"नव्याची टोपी. त्यांनी नवा लिफ्टर आनलाय."

पंढरीने ती उचलली, नख मारून बघितली, उजेडाकडे धरली.

"बिडाची हाय. धा-बारा हेडं काढील, मग फुटंल," तो म्हणाला. "आन मला कशाला देतीस?"

"ठेव तुज्याकडं."

पंढरीने बहिणीकडे बघितले. तिच्या कपाळावर घाम होता आणि ती नाल्याकडे बघत होती. त्याने टोपी बोटांत दोन-तीनदा फिरवली.

"दाजींना ठाऊक हाय?"

"न्हाय."

"बोंब मारतील."

"मारू दे. सात वरसं ऐकतीय, आनि एक दिस."

भिंतीवरच्या खिळ्याला जुनी टोपी अडकवलेली होती, पंढरीने तिच्याच बाजूच्या खिळ्याला नवी लावली. मग पुन्हा हेडवर वाकला. वर न बघता म्हणाला, "मी संध्याकाळपतूर हितंच हाय."

चारला श्यामसुंदर आला. कोंडिबाने हेड बाकावर घेतले, घासून ठेवलेले आठही वॉल्व्ह ओळीने लावले, स्प्रिंगा मांडल्या आणि खोके मागवले. शालनने ते त्याच्या हातात दिले आणि दारातच सुपात तांदूळ घेऊन बसली. तिचे हात चालत होते, पण खडा कुठला आणि तांदूळ कुठला हे दिसत नव्हते.

कागद उलगडला. कोंडिबाने लिफ्टर हेडला लावला, उचलला, टोकाकडे बघितले. खोके उपडे करून आपटले. बाकाखाली बघितले.

"काय झालं, मिस्त्री?"

"टोपी न्हाय."

"म्हणजे? अहो, शेठने दिलीच नाय काय? बघून नाय घेतला? झाली का आता बोंब!"

"बघून घेतला हुता," कोंडिबा म्हणाला.

त्याने लिफ्टरचे टोक अंगठ्याने चाचपले. जिथे टोपी धरलेली होती तिथल्या निळ्या रंगावर ताजे ओरखडे होते, वाकडेतिकडे, पेचकसाने पडतात तसे नव्हेत. तो ते ओरखडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने शालनकडे बघितले. शालनने सुपातले तांदूळ एकदा पाखडले आणि मान वर केली नाही. तिला वाटले, आता. आता हाक येईल आणि सगळी एमआयडीसी ऐकेल.

"बिल हाय ना? उद्या जाऊन बदलून आणा," श्यामसुंदर म्हणाला. "पन माझी गाडी उद्यावर नाय जाणार हां. सांगून ठेवतो."

"बदलायची काय गरज न्हाय." कोंडिबाने लिफ्टर बाकावर ठेवला. चिंध्यांनी हात पुसले, एक बोट, मग दुसरे. "पंढरीकडं असंल टोपी."

शालनच्या हातातले सूप थांबले.

"अगं," तो खेकसला, नेहमीसारखाच, "बसलीस काय अशी? जा की."

ती उठली. पदर सावरला, चपला पायात सरकवल्या. उंबरा ओलांडेपर्यंत मागून पुन्हा आवाज आला.

"आन ही जुनी कमान घिऊन जा जाताना. कालपासनं त्याचं हेड उघडं पडलंय. त्याचं आधी हू दे."

"त्याचं आधी?" ती म्हणाली.

"व्हय. आन वहिनीच्या हातचा च्या घिऊन ये निवांत. मला काय घाई न्हाय."

"मला आहे ना!" श्यामसुंदर ओरडला. "मिस्त्री, अहो, घाई मला आहे!"

कोंडिबाने त्याच्यासाठी स्टूल पुढे सरकवले. शालन तोवर कमान पदराखाली घेऊन नाल्यापर्यंत पोचली होती.