आंब्याच्या नोंदीचा राखणदार

मला तुम्ही कधी पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही. तरी दोन शब्द ऐकून घ्या, कारण उद्यापासून मी असेन की नाही, सांगता येत नाही. मी लालबागमधल्या एका गणपतीच्या कारखान्यातला ट्रिगर बोलतोय. दचकू नका, बंदुकीचा नाही. कॉम्प्युटरच्या डेटाबेसमध्ये बसलेला मी एक नियम आहे, जेमतेम चार-पाच ओळींचा.

माझं काम सोपं. इथे एक तक्ता आहे. कुठल्या घराने कुठल्या वर्षी कसा गणपती नेला, याची त्यात एकेक ओळ आहे. उंची, आसन, पितांबराचा रंग, हातात काय, सगळं. नवी ओळ आली की मी निमूट बाजूला होतो. पण कुणी जुनी ओळ बदलायला किंवा पुसायला गेलं, की मी आडवा येतो आणि पडद्यावर दाखवतो, 'जुनी नोंद बदलता येणार नाही. खाली नवी नोंद करा.' जन्मभर मी एवढंच बोलत आलो. आज पहिल्यांदाच सुटलोय.

माझ्या जन्माला इथल्या माणसांची एक सवय कारणीभूत आहे. माणसं आपापला पाट घेऊन येतात. पाटाच्या खाली नाव लिहिलेलं असतं. "गणपती कसा हवा?" विचारलं की म्हणतात, "दरवर्षीचाच." संपलं! रंग सांगणार नाहीत, आसन सांगणार नाहीत. वर विचारणाऱ्याकडे असं बघतील, की हा कोण परका इथे येऊन बसलाय.

पूर्वी हे सगळं मालकांच्या, म्हणजे चिंतामणी काकांच्या डोक्यात असायचं. कारखाना वाढला, तेव्हा त्यांच्या मुलीने, मानसीने, हा तक्ता बनवला. ती तेव्हा दादरला कॉम्प्युटर शिकत होती. तक्ता झाला, पण मी अजून नव्हतो. तिथेच घोळ झाला.

डिलाईल रोडच्या एकाच चाळीत सावंतांची पाच बिऱ्हाडं. ऑर्डर घेणाऱ्या मयूरने गडबडीत एका सावंतांची ऑर्डर दुसऱ्याच सावंतांच्या ओळीत भरली. त्या ओळीत आधी काय होतं, ते पुसलं गेलं. ती ओळ होती रखमाबाईंची.

रखमाबाईंच्या गणपतीच्या हातात मोदक नसायचा, आंबा असायचा. त्यांचे यजमान दौलतराव गिरणीत होते. एका उन्हाळ्यात गावी जायला रजा मिळाली नाही, तेव्हा रुसून त्यांनी काकांना सांगितलं होतं, "माका नाय तर नाय, देवाच्या हातात तरी गावचो आंबो होवो." तेव्हापासून भाद्रपदात त्यांच्या खोलीत आंबा यायचा. दौलतराव गेले, तरी आंबा चुकला नाही. चुकला तो त्या वर्षी. काका मोठ्या मंडळांच्या मूर्तींत अडकलेले, कारागिरांनी तक्त्यावरून छापलेला कागद वाचला आणि मोदक घडवला.

मूर्ती न्यायला आलेल्या रखमाबाईंनी आधी देवाचा हात बघितला. मग हळूच म्हणाल्या, "ह्यो आमचो न्हय."

काकांना वर बघवेना. "वहिनी, माझी चूक झाली," एवढंच ते म्हणाले. रिकामा पाट घरी न्यायचा नसतो, म्हणून रखमाबाईंनी तोच गणपती नेला.

दुसऱ्या दिवशी मानसीने मला लिहिलं. काका तिच्या पाठीशी उभे होते. हाताला शाडू लागलेली, म्हणून हात अंगापासून लांब धरलेले.

"आता जुनं कुणाला पुसताच येणार नाही, बाबा."

"आणि लिहिताना चूक झाली तर?"

"तर खाली नवी ओळ लिहायची. चूकही राहील, दुरुस्तीही राहील."

काका हसले. "म्हणजे आमच्या गावच्या वेशीवरचा राखणदार बसवलास की गं तू!" मला ते नाव फार आवडलं. कोकणात राखणदाराला मान असतो. मला मात्र शिव्याच जास्त मिळाल्या. "ताई, हा तुमचा ट्रिगर परत अडून बसला बघा," असं मयूर दर मोसमात ओरडायचा. मी कुणाचं ऐकलं नाही. चांगला बदल कुठला, वाईट कुठला, ते मला कळत नाही. मी सगळ्यांनाच अडवतो.

ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. बाहेर रंगाच्या पिचकारीचा फसफस आवाज, आत काका नाकावर चष्मा ठेवून एका बोटाने टाइप करताहेत. प्रत्येक ओळ दोनदा वाचायचे. रखमाबाईंची ओळ आली की मोठ्याने म्हणायचे, "वहिनींचा आंबा चुकायला नको." मानसी लग्न होऊन वडाळ्याला गेली, तरी काकांचं ते वाक्य दरवर्षी माझ्या कानावर यायचंच.

गेल्या वर्षीचा मोसम काकांचा शेवटचा. त्यांना विसर पडायला लागला होता. चहा घेतला की नाही, ते आठवायचं नाही. पण काउंटरवर बसायचा हट्ट सोडला नाही. डिलाईल रोडचे सावंत एकेक करून आले, "दरवर्षीचाच" म्हणाले, आणि काकांनी प्रत्येकाच्या नव्या ओळीत लिहिलं, 'हातात आंबा'. पाचही सावंतांना! नव्या ओळी होत्या, मी अडवायचं कारण नव्हतं. मूर्ती तशाच घडल्या, तशाच गेल्या. दिवाळीनंतर काका गेले.

आणि गेल्या आठवड्यात मानसी आली. कारखाना आता मोबाइलवरचं नवीन ॲप घेतोय, हा जुना कॉम्प्युटर भंगारात जाणार. जुन्या ओळी नव्या घरी न्यायच्या होत्या. त्या चाळताना मयूरला ते पाच आंबे दिसले.

"ताई, चार तर चुकीचे आहेत. हे काढून टाकू. नव्या पोरांनी बघितलं तर काकांचं हसं होईल."

मानसीचे डोळे भरून आले. बापाचं आयुष्यभराचं नाव, आणि शेवटी असला घोळ राहावा? तिने त्या चार ओळी पुसायला घेतल्या. मी आडवा आलो. 'जुनी नोंद बदलता येणार नाही.' तिचंच वाक्य, मी तिलाच ऐकवलं. मला फार वाईट वाटलं, पण मला दुसरं काही येत नाही.

मला काढून टाकायला एक ओळ पुरते. तिने ती टाइपही केली. एंटर दाबायचं बाकी होतं, तेवढ्यात काउंटरवर पाट ठेवल्याचा आवाज आला. पूर्वी नावाची मुलगी आली होती, त्या पाच सावंतांपैकीच एका घरातली.

"गेल्या वर्षीसारखाच हं ताई. आंबा पाहिजेच."

मानसी ओशाळली. "अगं, तो आंबा... बाबांकडून चुकून झालं ते. त्यांना आठवत नव्हतं."

"चुकून? आम्हाला वाटलं, काकांनी मुद्दाम दिला! रखमाआजी काठी टेकत पाचही खोल्यांत बघून आली गेल्या वर्षी. म्हणाली, 'ह्यांचो आंबो ह्या वर्सा चाळभर पिकलो.' बाकीचे सावंतपण आंबाच सांगणारेत, बघाल तुम्ही."

मानसी परत कॉम्प्युटरकडे वळली. मग तिने टाइप केलेली ओळ एकेक अक्षर करून मागे घेतली आणि म्हणाली, "मयूर, सगळ्या ओळी जशाच्या तशा ने. चुकांसकट. आणि ह्यालाही तिकडे लिहायचंय."

ह्याला म्हणजे मला. नव्या घरी माझ्या नावाने जो बसेल, तो मीच असेन का, कोण जाणे. त्याला हे आवाज आणि ही माणसं ठाऊक नसतील. पण ओळी असतील. तुम्हालाही एवढंच विनवतो, तुमच्या माणसांच्या चुका दुरुस्त जरूर करा, फक्त त्या खाली नव्या ओळीत करा. वरचं राहू द्या.

संध्याकाळी हा कॉम्प्युटर बंद होईल. त्याआधी मानसीने शेवटची ओळ भरली, मोठ्याने म्हणत, अगदी काकांसारखं. 'सावंत, डिलाईल रोड. हातात आंबा. दरवर्षीचाच.'

मी बाजूला झालो.