भोंग्यावरचं वादळ

माइकचं बटण दाबून राजकुमार तसाच उभा राहिला. देवळावर बांधलेला भोंगा नुसता घुमू लागला. बाहेर पारावर बसलेल्यांपैकी एकाने हाक दिली, "काय वादळ, आज मुकं झालं काय?"

बाकीचे हसले. खालच्या आळीत आज नळाला पाणी येणार नाही, एवढंच सांगून राजकुमारने बटण बंद केलं आणि पुन्हा मोबाइल काढला.

बुलडाणा जिल्ह्यात, उंद्रीच्या अलीकडच्या एका लहान गावात तो ग्रामपंचायतीचा शिपाई होता. कार्यालय झाडणं, नळाचा व्हॉल्व्ह फिरवणं आणि भोंग्यावरून गावाला सूचना देणं ही त्याची कामं. समुद्र त्याने कधी पाहिला नव्हता. पण मोबाइलवर बंगालचा उपसागर उघडून तिथले वारे पाहण्याचा नाद त्याला लागला होता.

बुलडाण्याच्या माणसाला त्या समुद्राशी काय करायचंय, असं कोणालाही वाटेल. गोष्ट साधी आहे. समुद्राचं पाणी तापलं की त्यावरची हवा हलकी होऊन वर चढते. तिची जागा घ्यायला चहूकडून वारे धावत येतात, आणि येता येता गोल फिरू लागतात. पावसाळा सरता सरता असं एखादं चक्र आंध्राच्या किनाऱ्यावर चढलं, तर त्याचे ढग आपल्या शिवारापर्यंत पोचतात. नेमकं तेव्हाच सोयाबीन सोंगून, म्हणजे कापून, रानात पडलेलं असतं. भिजलं तर शेंगेतल्या शेंगेत दाण्याला कोंब फुटतात.

गेल्या साली राजकुमारने भोंग्यावर छातीठोक सांगितलं होतं की वादळ येणार, माल झाका. लोकांनी अर्धवट ओलं सोयाबीन उचललं, घाईने ढीग रचून सुड्या लावल्या आणि ताडपत्र्या पार जमिनीपर्यंत ओढून कडेने दगड ठेवले. वादळ ओडिशाकडे वळलं. तरी येईल येईल या धास्तीने कोणी ताडपत्री काढली नाही. काढली तेव्हा आतून वाफ निघाली. सुडी तापून दाणा काळा पडला होता. म्हाताऱ्या झुंबरबाईची तर सगळी सुडी गेली. तिने एका शब्दाने त्याला दोष दिला नाही, ते त्याला जास्त लागलं. बाकीच्यांनी त्याचं नाव वादळ ठेवलं.

आणि आता पुन्हा उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं होतं. एक नकाशा ते आंध्रावरून वर आणत होता, दुसरा बंगालकडे वळवत होता. राजकुमार झाडता झाडता पाहत होता, जेवता जेवता पाहत होता. सकाळी तर व्हॉल्व्ह बंद करायचा राहिला आणि वरच्या आळीत रस्त्याने पाणी वाहिलं. सरपंच हर्षल हा तरुण, वागायला चांगला मुलगा. त्याने राजकुमारला बाजूला घेऊन बजावलं होतं. काका, भोंगा पाण्यासाठी आहे. हवामान ज्याचं तो मोबाइलवर पाहतो. या खेपेला चुकलं तर माइक मी माझ्याकडे ठेवीन.

दुपारी झुंबरबाई कार्यालयात आली. सत्तरीची, एकटी राहणारी बाई. आत न येता ती उंबऱ्यातच टेकली.

"राजकुमार, माह्यं सोयाबीन सोंगून पडलं हाय. उचलू का राहू देऊ?"

"काकू, मले नाही सांगता येत."

"काऊन? दिसते ना तुले त्याच्यात?"

"वादळ दिसते. कुठं जाईन ते नाही दिसत."

"मंग गेल्या साली कसं दिसलं होतं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राजकुमारने मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला.

"दिसलं नव्हतंच, काकू. मले वाटलं, मले समजते."

झुंबरबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. "बरं. जेवढं समजते तेवढं सांगत जाय. बाकीचं ज्याचं त्यानं पाहावं. भोंग्यावर सांग, मले एकलीले नको."

ती गेल्यावर तो कार्यालयात इकडून तिकडे फिरत राहिला. एकदा माइकपाशी आला, परत फिरला. दारात जाऊन आभाळ पाहिलं. त्यात पाहण्यासारखं काहीच नव्हतं. शेवटी त्याने बटण दाबलं.

"समुद्रात वादळ होऊन राह्यलं हाय. आपल्याकडं येईन का नाही, मले माहीत नाही. ज्याचं सोयाबीन पडलं असन, त्यानं आपला इचार करावा. सुडी लावली तं ताडपत्री खालपर्यंत वढू नका. खालून वारा जाऊ द्या."

पारावर हशा पिकला. "माहीत नाही तं सांगतं कायले बे?" असं कोणी तरी म्हणालं, आणि ते वाक्य गावभर फिरलं.

राजकुमार कार्यालयाला कुलूप लावून घरी गेला आणि बायकोला, सुवर्णाला म्हणाला की झुंबरकाकूच्या वावरात चल. आपलं सोयाबीन अजून उभंच आहे, हे बरं झालं, असं पुटपुटत तिने डोक्याला रुमाल बांधला. वादळ खरंच येणार का, असं त्याने उगाच तिला विचारलं.

"मले काय इचारता? वादळ तुमचं हाय."

तिघांनी मिळून कापसाच्या जुन्या पऱ्हाट्यांचा थर दिला, त्यावर सोयाबीन रचलं आणि वरून ताडपत्री छपरासारखी सोडली, बाजू उघड्या ठेवून. दिवस कलताना पूर्वेकडून ढग चढले आणि वारा पडला. पारावरचे दोघेजण ताडपत्र्या शोधत पळाले. राजकुमार मोबाइल पाही, आभाळ पाही, परत मोबाइल पाही. पाऊस यावा असं एक क्षण त्याच्या मनात आलं. मग रानोरान पडलेलं सोयाबीन आठवून त्याला स्वतःचीच भीती वाटली.

पाऊस आला नाही. वादळ आंध्राच्या किनाऱ्यावर आपटून विरलं, उरलेले ढग ईशान्येला गेले. उजाडलं ते लख्ख ऊन घेऊन. हर्षल स्वतः कार्यालयात आला, गाव याला चुकलंच म्हणतंय, राग नका मानू काका, असं म्हणाला आणि माइकची वायर गुंडाळून घेऊन गेला. आता सूचना त्याच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड होणार होत्या.

राजकुमार सरळ झुंबरबाईच्या वावरात गेला. ताडपत्री निघाली होती आणि ती एकटीच दाताळ्याने सुडी मोडून सोयाबीन पुन्हा उन्हात पसरत होती. काल केलेलं सगळं काम आज उलटं करायचं होतं. त्याने तिच्या हातून दाताळं घेतलं.

"फुकटचा ताप झाला तुमाले, काकू."

"हाव, झाला ना," ती म्हणाली. दोन शेंगा तळहातावर फोडून तिने दाणे त्याच्यापुढे धरले. पिवळेधम्मक होते.

गावाकडून भोंगा वाजला. हर्षलचा आवाज पाण्याची वेळ सांगत होता, स्पष्ट, न अडखळता. झुंबरबाईने तिकडे कान दिला आणि पुन्हा शेंगा पसरू लागली.

"दुसरं काही उठलं का रे समुद्रात?"

"अजून नाही."

"उठलं की सांगजो."

राजकुमारने मान हलवली आणि सुडीचा पुढचा थर उचलून उन्हात टाकला.